जादूची पुस्तके आणि डाकिणीचा शोध

हॅरी पॉटरची पुस्तके कॅथलिक मुलांच्या हाती पडू नयेत, असा आग्रह आपल्यातील काही भाविक आणि काही धर्मगुरूही धरीत असतात. 2019 साली पोलंडमध्ये काही धर्मगुरूंनी ती जाळली आणि मागाहून क्षमा मागितली, हे त्यांच्या कानी गेलेले दिसत नाही. या आग्रहाचा आधार मात्र पोकळ नाही. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात मंत्रतंत्र, शकुन व मृतांना विचारणे यांचा स्पष्ट निषेध आहे आणि ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानेही तो कायम ठेवला आहे. प्रश्न इतकाच, की निषेध कशाचा आहे?

प्रेषितांच्या कृत्यांतील शिमोन जादूगार पैसे पुढे करून पवित्र आत्म्याचे सामर्थ्य विकत मागतो. गूढ शक्तीला आपल्या मुठीत धरण्याची ही जी हाव, तिचे नाव जादू. जादूची गोष्ट सांगणे म्हणजे जादू करणे नव्हे. अन्यथा एन्दोरच्या भूतविद्या करणाऱ्या स्त्रीची कथा बायबलमधूनच वगळावी लागेल. इफिसच्या होळीचा दाखलाही नेहमी दिला जातो. पण तेथे पन्नास हजार रौप्यमुद्रांचे ग्रंथ जाळले ते जादू करणाऱ्यांनीच, आणि ते ग्रंथ त्यांचे स्वतःचे होते. शेजारच्या मुलाच्या दप्तरातील गोष्टीचे पुस्तक त्यांनी हिसकावले नव्हते. ‘चांदोबा’तील वेताळ वर्षानुवर्षे विक्रमाच्या खांद्यावर बसला, त्यामुळे किती कॅथलिक मुले स्मशानाची वाट चालू लागली?

2003 साली कार्डिनल राट्झिंगर यांचे एक खासगी पत्र या पुस्तकांच्या विरोधात गेले, त्याच वर्षी व्हॅटिकनच्या पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांनी त्यांत वावगे काही नाही असे सांगितले, आणि 2008 मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने दोन्ही बाजू छापल्या. म्हणजे हा श्रद्धेचा सिद्धान्त नव्हे, वाङ्मयीन अभिरुचीचा वाद आहे. तो खुशाल चालावा.

पुस्तकाने माणसे मेली असतील तर ती एका वेगळ्याच पुस्तकाने. 1486 च्या सुमारास हाइनरिख क्रेमर या डोमिनिकन संन्याशाने चेटकिणी ओळखण्याचा व त्यांना शिक्षा करण्याचा ग्रंथ लिहिला. तो मुलांसाठी नव्हता, न्यायाधीशांसाठी होता. त्याने उभ्या केलेल्या विचारसरणीपायी युरोपात असंख्य निरपराध स्त्रिया जळाल्या. 1631 साली फ्रीड्रिख श्पे या येशूसंघीय धर्मगुरूने निनावी पुस्तक लिहून बजावले, की असा छळ केल्यावर कोणीही कबुली देईल. आपल्या मुलांना शिकवावयाचे तर हा श्पे शिकवा. त्याचे नाव आपल्या किती धर्मग्रामांत ठाऊक आहे?

सावद्याहून उत्तरेला सातपुडा दिसतो. त्याच डोंगररांगेत, नंदुरबार-धुळ्याकडील पाड्यांवर, तापाने मूल दगावले किंवा गुरे पडली की भगताकडे जातात. भगत एका बाईकडे बोट दाखवतो. ती पुष्कळदा विधवा असते, कधी तिच्या नावे तुकडाभर जमीन असते. मग ती डाकीण ठरते. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, प्रसंगी जीवही घेतला जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. तो कायदा हिंदूंचा म्हणून आपण बाजूला ठेवला, हे मला लाजिरवाणे वाटते. साप चावलेल्यास दवाखान्यापासून रोखून मंत्रोपचार करणे त्यात गुन्हा आहे. असे करणारा गळ्यात रोझरी घालतो की गंडा, हे कायदा विचारीत नाही.

आणि आपल्या घरांत काय चालते? मुलाच्या गळ्यात स्कॅप्युलर असते आणि शेजारी काळा दोराही. धंदा बसला की ‘कोणीतरी करणी केली’ ही कुजबूज मिस्सा आटोपून चर्चच्या आवारातच सुरू होते, व तिला बहुधा एखाद्या जावेचे किंवा शेजारणीचे नाव चिकटते. येथे कादंबरीचा काय दोष?

तेव्हा ज्यांना जादूविरुद्ध बोलावयाचे आहे त्यांनी रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात पॉटरऐवजी 2013 च्या कायद्याची अनुसूची हाती घ्यावी. ती मराठीत आहे आणि वाचावयास अर्धा तास पुरतो.