आधी चामडं, मग हत्यारं
वसई-विरारमध्ये छंद म्हणून चर्मकाम शिकू पाहणाऱ्याने पहिला खर्च हत्यारांच्या तयार पेटीवर नव्हे, चांगल्या चामड्यावर करावा, असं माझं ठाम मत आहे. २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल पाहा: बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, रापी, आरी आणि शिवायला चामड्याचीच वादी; मुख्य भांडवल एवढंच. असं चामडं ओलं करून आकार देता येतो, घासून कडा गुळगुळीत होतात. क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्याची कड तशी बसत नाही. साल-हिरड्यात कमावलेलं चामडं महाग पडतं, ही तक्रार खरी. पण पाकिटापुरता तुकडा सुरुवातीला पुरे, आणि धारावीचा चामडेबाजार पश्चिम रेल्वेच्या माहीम स्टेशनपासून जवळच आहे. मशीनशिवाय शिवण टिकत नाही, हा मात्र निव्वळ गैरसमज. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून त्या प्रत्येक भोकातून आरपार नेल्या, की एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. आणि आपल्या खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात चामडं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा.