भरतीसाठी जमीन गहाण टाकू नका



आज कुठल्याही गावात पहाटे पाचला बाहेर पडा. डांबरीच्या कडेने पोरं पळताना दिसतील, आता पोरीही दिसतात. कशाची तयारी म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं : "पोलीस भरती, मुंबईला." यात वावगं काही नाही. दोन एकरांच्या तुकड्यावर तीन भावांचा संसार चालत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. शेती खात्याचा माणूस भरतीवर कशाला लिहितो, असं कुणी म्हणेल. पण भरतीपायी सातबाऱ्यावर बोजा चढायला लागला, की तो शेतीचाच प्रश्न होतो. म्हणून स्पष्ट सांगतो : या नोकरीला लागतात तीन गोष्टी. वेळ, मैदान आणि कागद. तिन्ही गावातच मिळतात. त्यासाठी जमीन गहाण टाकायची गरज नाही.

पेरणीआधी आपण माती तपासतो, तसं आधी पोराचं माप घ्या. शिपाई पदासाठी बारावी पास हवी. वय १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. मुलांची उंची १६५ सेंटिमीटर, मुलींची १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. उंची दोन सेंटिमीटरने कमी असेल तर दोन वर्षं पळून ती वाढत नाही. हे शाळेच्या भिंतीवर टेप लावून एका सकाळी कळतं. ते न बघता पोराला शहरातल्या अकादमीत ठेवून महिन्याचे पैसे भरणारे पालक आहेत. हा खर्च खडकावर बी टाकण्यासारखा.

पुढचा हिशेब गुणांचा. मैदानी चाचणी ५० गुणांची : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलींनी ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत काढलं तर धावण्याचे पुरे २० गुण. मैदानात निम्मे गुण मिळाले तरच लेखीचा विचार, आणि त्यातही एका जागेमागे दहाच जण बोलावतात. लेखी १०० गुणांची : गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण. म्हणजे नुसतं पळून भागत नाही. आमची पोरं मैदान मारतात आणि गणितात आडवी होतात. सकाळी मैदान झालं की संध्याकाळी दोन तास पुस्तक, हे घरात कुणीतरी बघितलं पाहिजे.

आता कडू घोट. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. एका जागेमागे शंभराच्या आसपास पोरं. शंभरांनी पेरलं तर एकाच्या पदरात पीक. अशा पिकावर कुणी शहाणा शेतकरी अख्खी जमीन लावील का?

आणि इथेच एजंट घुसतो. "वर ओळख आहे, एवढे द्या, काम करून देतो." त्याचा धंदा समजून घ्या. तो दहा जणांकडून पैसे घेतो. त्यातला एखादा स्वतःच्या पायावर पास होतोच. त्याचे पैसे एजंट ठेवतो, बाकीच्यांचे दिलेच तर हप्त्याहप्त्याने परत करतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! शिवाय लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पोलीस व्हायला निघालेल्या पोराच्या नावावर तोच डाग लागला, तर पुढे काय राहिलं?

डागावरून आणखी एक. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. बांधाच्या भांडणात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पोरांना पुढे करू नका. आपला राग दोन दिवसांत निवतो, पोराच्या नावावरचा गुन्हा निवत नाही. दाखल असेल तर लपवू मात्र नका, लपवलेलं जास्त नडतं.

सरपंच, भाऊसाहेब आणि पोलीस पाटील, आता तुमच्याकडे वळतो. रहिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर हे कागद जाहिरात आल्यावर धावपळ करून निघत नाहीत. सर्व्हर बंद, साहेब दौऱ्यावर, आणि मुदत संपलेली. १६०० मीटर मारणारं पोरगं कागदावर हरतं, हे गावाला शोभत नाही. दिवाळीनंतर एक दिवस चावडीवर बसा आणि सगळ्या मुलामुलींचे कागद तपासा. महिलांसाठी ३० टक्के जागा आहेत, प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के, भूकंपग्रस्तांना २ टक्के. होमगार्डमध्ये तीन वर्षं पूर्ण केलेल्यांनाही आरक्षण आहे. धरणात जमीन गेलेल्या घरातल्या पोरांना हे माहीतच नसतं. ते सांगणं तुमचं काम. आणि शाळेच्या मैदानावर टेपने मोजून फकीने धावपट्टी आखून द्या, एक गोळा घेऊन ठेवा. डांबरीवर पळून पोरांच्या नडग्या दुखावतात, आणि अंधारात गाडीची भीती वेगळीच.

मुंबईचंही खरं चित्र पोरांना सांगा. मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, वर भत्ते. पण गणपती विसर्जन असो की सहा डिसेंबर, सण लोकांचा आणि बंदोबस्त आपला. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये देवनार ठाण्यापासून सुरू झाला, तरी बंदोबस्ताच्या दिवशी घड्याळ बघता येत नाही. घरभाडं भारी, आणि गावाकडच्या जिल्ह्यात बदली सहजी मिळत नाही. ज्याला फौजदारच व्हायचं, त्याने पदवी घेऊन लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी. शिपायालाही खात्यांतर्गत परीक्षेतून ती वाट आहे.

शेवटी एक विनंती. पोरगं तयारीला लागेल त्याच दिवशी घरात बसून ठरवा : किती भरत्या द्यायच्या, दोन की तीन. तोवर त्याचा एक पाय शेतात राहू द्या. सकाळी धावणारा दुपारी ठिबकच्या नळ्याही बघू शकतो, गोठाही सांभाळू शकतो. निवड झाली तर गावाने वाजतगाजत पाठवावं. नाही झाली तर त्याला परत यायला रान शिल्लक असलं पाहिजे. तेवढं शिल्लक ठेवणं तुमच्या हातात आहे.