फुकटचे पॉइंट

"फुकटचंच होतं ना ते? मग कशाला एवढा जीव जाळतोस?"

आईचं हे वाक्य मी गेल्या वर्षी निदान पंधरा वेळा ऐकलं असेल. गंमत म्हणजे संध्याकाळी जेहान सर्कलपर्यंत फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यातही सगळ्यांचं मत हेच. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

तर झालं असं. बंगळुरूच्या मावशीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आईचं आणि माझं मुंबईहून विमानाचं तिकीट काढलं, तेही कार्डावर साठलेल्या पॉइंटमधून. दोघांचं भाडं ११,२०० रुपये. एका पॉइंटला २५ पैसे या दराने ३२,००० पॉइंटचे ८,००० झाले, उरलेले ३,२०० त्याच कार्डावर भरले. काय हुशारी केली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली!

पहाटे अडीचला गाडी निघाली. घोटीच्या टोलनाक्यावर फोन वाजला. विमान रद्द. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने जाऊन उपयोग नव्हता, कार्यक्रम त्याच दिवशी होता. मांडीवर चिवड्याचा पुडा घेऊन बसलेली आई एवढंच म्हणाली, "चल, मागे फिरव." ओवाळणं तिने फोनवर बघितलं.

पुढचा भाग पैशांचा. ३,२०० रुपये आठव्या दिवशी कार्डावर आले. पॉइंट मात्र येईनात. विमान कंपनी म्हणाली, आम्ही पूर्ण ११,२०० एजंटला परत केले. एजंट म्हणजे बँकेचं प्रवासाचं पोर्टल चालवणारी कंपनी. ती म्हणाली, आम्ही बँकेला दिले. बँक म्हणाली, ४५ दिवस थांबा. थांबलो. आले ११,००० पॉइंट. बाकीचे २१,०००? "सर, त्यांची मुदत संपली होती."

मुदत संपली कधी? तिकीट काढून झाल्यानंतर! म्हणजे मी ते वेळेत वापरले होते. आता हिशेब बघा. विमान कंपनीने माझ्या पॉइंटपोटी ८,००० खरेखुरे रुपये परत केले. माझ्या हातात आले २,७५० रुपयांचे पॉइंट. मधले ५,२५० रुपये कुठेतरी कोणाच्या तरी खात्यात राहिले. ते तर मेले नाहीत ना! रुपये जिवंत आणि पॉइंट तेवढे मेले, हे काही मला पचेना.

आणि हे 'फुकट' प्रकरण. दुकानात आपण कार्ड घासतो तेव्हा बँक दुकानदाराकडून शुल्क कापते. तो ते मालाच्या भावात धरतो. वर कार्डाची वार्षिक फी असतेच. त्या कमाईतला थोडा भाग बँक आपल्याला पॉइंट म्हणून देते. ही बक्षिसी नाही, आपल्याच खर्चातली सूट आहे, फक्त उशिरा मिळणारी. पण 'रिवॉर्ड' हा शब्द असा बेरकी आहे की परत मागायची आपल्यालाच लाज वाटते. बक्षीस कोणी हक्काने मागतं का?

नाशिककरांना जेट एअरवेज आठवत असेल. जून २०१८ मध्ये ओझरहून दिल्लीचं विमान सुरू झालं तेव्हा काय कौतुक होतं! वर्ष पुरं व्हायच्या आत ते बंद, आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अख्खी कंपनीच जमिनीवर. पुढे जेटकडून येणं असलेले लोक धनको म्हणून दिवाळखोरीच्या रांगेत उभे राहिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. पण जेटचे माइल्स? ते सांभाळणारी कंपनी वेगळी होती, तिच्यात एतिहादचा मोठा वाटा होता. ती २०१९ च्या नोव्हेंबरात इंटरमाइल्स या नव्या नावाने चालू राहिली. म्हणजे पॉइंट हे मुळात पैशापेक्षा कच्चे असतात असं काही नाही. ते कोणाच्या हातात आहेत यावर सगळं अवलंबून.

हात जितके जास्त, तितका पैसा वाटेत अडकतो. कोविडच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला परताव्याचा निकाल दिला. तरी २०२१ मध्ये 'यात्रा' या एका पोर्टलवर ३६,२७६ बुकिंगचे २६ कोटींहून जास्त रुपये परत करायचे राहिले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण मागे लागल्यावर जून २०२४ पर्यंत तो आकडा अडीच कोटींवर आला. ते सरळ रुपये होते. पॉइंटचा हिशेब कोण मागणार?

आपणच मागायचा. विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम स्पष्ट आहे: एजंट हे विमान कंपनीचेच प्रतिनिधी, तेव्हा त्यांच्यामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही कंपनीची. आणि पैशांऐवजी क्रेडिट घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं. पण पॉइंट मेले तर काय, हे नियमात कुठे दिसत नाही. माझं म्हणणं साधं आहे. ज्या दराने पॉइंट घेतले त्याच दराने परत द्या, आणि मुदत संपली असेल तर नवी मुदत द्या किंवा रुपये द्या.

हाच हिशेब मी एका पानावर मांडून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असंही लिहिलं. सव्विसाव्या दिवशी २१,००० पॉइंट सहा महिन्यांच्या मुदतीने परत आले. सोबत दिलगिरीचा एक शब्द नाही. फोनवर सतरा वेळा बोलून जे झालं नाही ते एका कागदाने झालं. तो कागद लिहिता आला कारण बुकिंगच्या दिवशीचं पॉइंट आणि रुपयांची फोड दाखवणारं पान मी छापून ठेवलं होतं. तुम्हीही ठेवत जा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही लिहून ठेवा.

असो. मावशीचा सोहळा काही परत आला नाही. आईला पॉइंट आल्याचं सांगितलं तर म्हणाली, "मिळाले ना? मग आता मुदत संपायच्या आत मला तिच्याकडे घेऊन चल."

या वेळी 'फुकटचे' म्हणाली नाही.