काळजी म्हणजे माया नव्हे



परवा मंदिरातून येताना एक वहिनी म्हणाल्या, "समुपदेशन म्हणजे पैसे मोजून गप्पा. कुठेही जा, सगळं एकच. त्यापेक्षा माळ ओढा." तेव्हा मी गप्प बसले. आता लिहिते.

माळ मी रोज ओढते. तरी पाच वर्षांपूर्वी सूर्यास्त जवळ आला आणि हे दुकानातून जेवायला आले नाहीत, की माझ्या डोळ्यांपुढे अपघात दिसायचा. मुलाने फोन उचलला नाही की पोटात गोळा. झोप नाही, मान आखडलेली. असं सहा महिन्यांहून जास्त चाललं आणि आवरता आवरेना, तर तो स्वभाव नसतो. तो चिंताविकार, म्हणजे आजार असतो.

पहिल्या ठिकाणी मी आठ महिने गेले. ताई मायेने ऐकायच्या, मी रडून मोकळी व्हायचे आणि पुढच्या आठवड्यात तीच मी. दुसऱ्या ठिकाणी मात्र वही मिळाली. डावीकडे आजची भीती, उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं. बी.कॉम. झालेल्या बाईला दोन रकाने काय नवे? पण महिनाअखेर उजवीकडे बहुतेक ठिकाणी "काही नाही" हेच लिहिलेलं पाहून मी चक्रावले.

ही सीबीटी. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात तिचा पाया घातला. ती मनातल्या विचाराकडे पुरावा मागते. स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट यांचं अप्लाइड रिलॅक्सेशन शरीराकडून सुरुवात करतं. स्नायू सैल सोडायचा सराव इतका करायचा, की ऐन भीतीत काही सेकंदांत अंग सोडता यावं. एड्रियन वेल्स यांची मेटाकॉग्निटिव्ह थेरपी विचारांशी वाद घालतच नाही. "मी काळजी केली म्हणून घर सुखरूप राहिलं" ही समजूतच ती तपासायला घेते. आपण बायका हिलाच तर माया म्हणतो!

आता सांगा, हे सगळं एकच?

ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०११च्या मार्गदर्शिकेत सीबीटी किंवा अप्लाइड रिलॅक्सेशन सुचवलं आहे, साधारण १२ ते १५ बैठका. औषधाचाही पर्याय दिला आहे, त्यात लाज कसली? नॉर्वेतल्या २०१८च्या अभ्यासात मेटाकॉग्निटिव्ह थेरपीने ६५ टक्के लोक बरे झाले, सीबीटीने ३८. पण तो अभ्यास अवघ्या ८१ जणांचा. एका वर्षाचा नफा पाहून कोणी पेढीची पत ठरवत नाही. म्हणून सीबीटीने गुण येत असेल तर ती सोडून धावू नका.

साडी घेताना आपण दहा दुकानं पालथी घालतो. मग इथे चार प्रश्न विचारायला संकोच का? तुमची पद्धत कोणती? बैठका किती? घरी काय करायचं? फरक पडतोय हे कसं मोजणार? उत्तर मिळालं नाही तर उठून या.

वहिनी, माळ सोडू नका, मीही सोडलेली नाही. पण मधुमेहाला आपण नुसती माळ देत नाही. जिला आज रात्री झोप येणार नाही, तिने सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करावा. फोन मोफत आहे.