दोनशे रुपयांचा हिशेब

पगारपत्रक हा मराठी वाङ्मयातला एक उपेक्षित प्रकार आहे, असे माझे जुने मत आहे. त्याच्या आरंभी आशा असते, मध्ये संघर्ष असतो आणि शेवट बहुधा करुण असतो. आमच्या महाविद्यालयातली मंडळी ते ज्या एकाग्रतेने वाचतात, तेवढ्या एकाग्रतेने वर्षाकाठी एखादे पुस्तक वाचतील, तर ग्रंथपालांच्या डोळ्यांत आनंदाश्रू येतील. भविष्यनिर्वाह निधीची कपात आपण सोसतो, कारण म्हातारपणी ती आपल्याच हाती यायची असते. प्राप्तिकर सोसतो, कारण न सोसून सांगता कोणाला? पण या दोन थोरल्या ओळींच्या आड एक धाकटी ओळ दडून बसलेली असते : व्यवसाय कर, रुपये २००. फेब्रुवारीत तीच ओळ ३०० ची होते आणि वर्षाचे अडीच हजार पुरे करते. रक्कम अशी की, तिच्यासाठी गळा काढायची लाज वाटते आणि गप्प बसावे, तर चुटपुट लागून राहते.

यंदा आषाढात आमच्या प्राध्यापक-कक्षात या चुटपुटीला तोंड फुटले. गणिताचे प्राध्यापक म्हणाले, "अहो, व्यवसाय करतो म्हणून कर! उद्या श्वास घेतो म्हणून लावतील." चहाचे पेले खाली ठेवले गेले, माना डोलल्या आणि शासनाकडे अर्ज करायचे ठरले. अर्जाचा मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. सत्कार असो, शोकसभा असो की कोणाच्या मुलीची लग्नपत्रिका असो, मजकूर मराठीच्या माणसाने लिहायचा, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. मीही मोठ्या उत्साहाने "सदर कर कालबाह्य व अन्यायकारक असून तो त्वरित रद्द करावा" असे एक खणखणीत वाक्य लिहिले आणि कागद पिशवीत टाकला. पुढचा मजकूर भाद्रपदातल्या सुट्टीत पुरा करायचा, असा बेत होता.

भाद्रपदात वडिलांची तिथी असते. ती मी गावी, आत्याच्या घरी करतो. आमचे गाव जुन्नर तालुक्यातले, आण्याच्या पठारावरचे. आमचे घर केव्हाच पडले. पण आत्याला दिले ते गावातल्या गावातच, म्हणून उंबरा तेवढा शिल्लक आहे. आत्या आता सत्तरीची आहे. तिचे दात गेले, दृष्टी मंदावली. आवाज मात्र अजून दोन शेते ओलांडून जातो.

पुण्याहून निघाले की मंचर, नारायणगाव, आळेफाटा या वाटेवर डोळ्यांना नुसते हिरवे दिसत राहते. ऊस, द्राक्षे, टोमॅटो. हे सारे वैभव कुकडी प्रकल्पाचे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे या दोन तालुक्यांत बांधली गेली. त्यांतले डिंभे बांधताना आंबेगाव तालुक्याला ज्याने नाव दिले, ते आंबेगावच पाण्याखाली गेले. कालव्यांनी ऊस आणला आणि उसाने बिबटे आणले. मादी उसातच विते आणि पिल्लांना उसाचा फड हेच रान वाटू लागते. म्हणून माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र चालवावे लागते आणि वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला, तर शासन त्याच्या घरच्यांना साहाय्य देते. २०२३ पासून ही रक्कम २५ लाख रुपये आहे. सरकारी पैसा एकदा जमिनीत उतरला की तो कुठून कसा वर येईल, याचा नेम नाही.

आळेफाट्यानंतर आण्याचा घाट चढला की हे हिरवे नाटक संपते. कालव्याचे पाणी पठारावर चढत नाही. इथे बाजरी, थोडी ज्वारी आणि आभाळाकडे लागलेले डोळे.

तिथीचे जेवण आटोपल्यावर आत्याला विरंगुळा म्हणून मी आमच्या अर्जाची हकीकत सांगितली. तिला हसू येईल, असा माझा अंदाज होता. ती म्हणाली, "किती कापत्यात म्हणतोस?"

"महिन्याला दोनशे."

"आन् जात्यात कुठं?"

या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. एम. ए. होऊन इतकी वर्षे झाली. दर महिन्याला ती ओळ वाचतो, तिच्यावर चिडतो. पण ते पैसे जातात कुठे, हे मी कधी कोणाला विचारलेच नव्हते. आत्याने काठी घेतली आणि म्हणाली, "चल, ऊन उतारलंय. तळ्यावर जाऊन येऊ."

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. लहानपणी मी तिथे पोहलो आहे. त्यापलीकडे त्याचा विचार केला नव्हता. पाझर तलावाचे काम पाणी धरून ठेवणे हे नसते, ते जमिनीत मुरवणे हे असते. अंगणात पाणी सांडले तर पाहुणा हळहळतो आणि तुळस खूश होते, तसे काहीसे. तळे उन्हाळ्यात कोरडे दिसले म्हणून ते वाया गेले असे होत नाही. खालच्या विहिरींना विचारावे.

बांधावर बसून आत्या सांगू लागली. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. रस्त्यावर खडी फोडायचे काम निघाले. बोटांना चिंध्या गुंडाळून ती खडी फोडी. दुपारी सुकडी मिळे, घरी लाल मिलोच्या भाकऱ्या असत. "गिळवायची न्हाय ती भाकर, पण गिळली," ती म्हणाली. "तुझा बाप तवा मॅट्रिकला. परीक्षेची फी भरायला घरात दमडी न्हवती. माझ्या आठवड्याच्या पगारातून भरली. आई म्हनली, पोरीच्या लग्नाला ठेव. मी म्हनलं, लग्न काय पळून चाललंय?"

हे मला ठाऊक नव्हते. वडिलांनी कधी सांगितले नाही. कदाचित सांगायचा त्यांना धीर झाला नसेल.

"आन् ह्ये तळं त्याच्या मागनं, हमीवर. माझं लग्न झाल्यालं, पोरगं झाडाला झोळी बांधून निजवायची. ती तिथं बघ." तिने काठीने पाण्यातली एक जागा दाखवली. "खणताना मधी मधी मातीचा एकेक खुंट तसाच ठेवायचे. त्याच्या डोक्यावर गवत असायचं. ती मूळची भुई. तिथून खाली जेवढं गेलो, तेवढा आमचा रोज. साहेब यायचा, पट्टी लावायचा आन् मग मुकादम मस्टरावर आंगठा घ्यायचा. मोजून झालं की मग त्यो खुंट फोडायचा."

पुण्यात परतल्यावर मी तो अर्ज तसाच ठेवला आणि ग्रंथालयात जाऊन बसलो. साहित्याच्या कपाटांकडे पाठ करून कायद्याच्या कपाटाकडे तोंड करण्याचा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. जे सापडले ते असे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला : काम मागेल त्याला काम. १९७२ साली त्याची राज्याची योजना झाली. पण योजनेला पैसा लागतो. तो शहरांनी द्यावा, असे ठरले. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला, तो यासाठी. त्याच्या जोडीला मोटारींवर, विक्रीकरावर, बागायती जमिनींवर आणि शहरातल्या बिनराहत्या इमारतींवर अधिभार बसवले. या करांतून जेवढी रक्कम जमेल निदान तेवढीच भर शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, असे बंधन १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने घातले. हा कायदा विधिमंडळात एकमताने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागण्याचा हक्क कायद्याने देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्या कामांतून पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, वनीकरण असे पाण्याचे आणि मातीचे संसार उभे राहिले. म्हणजे पठारावरच्या त्या तळ्याला दोन टोके होती. एका टोकाला माझी आत्या कुदळ घेऊन उभी होती आणि दुसऱ्या टोकाला मुंबई-पुण्यातला कोणी कारकून आपल्या पगारपत्रकातली एक ओळ वाचून चडफडत होता. त्या कारकुनाची गादी आता मी चालवतो आहे.

कराची कमाल मर्यादा पूर्वी वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. गणिताच्या प्राध्यापकांना हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. इतकी वर्षे न वाढलेला दुसरा खर्च त्यांना आठवेना.

पण वाचकहो, मी सद्गदित होऊन इथेच थांबलो, तर ते खरे होणार नाही. नाण्याची दुसरी बाजू मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवली. तो आंबेगावच्या पश्चिमेचा, महादेव कोळी समाजातला. आता आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्याच्या मुलखात पाऊस इतका की, आमच्या पठाराने हेवा करावा; पण जमीन सारी उतारावर. तिथली माणसे पडकई करतात. म्हणजे भात निघाल्यावर उन्हाळ्यात आठ-दहा घरांनी सावडीने एकेकाच्या शेतावर जायचे, उतार फोडायचा, दगडांचा बांध रचायचा आणि भाताचे खाचर तयार करायचे. डिंभ्याच्या पाण्याने ज्यांची खालची जमीन गेली, त्यांना वरच्या उतारावर जगवले ते या पडकईने. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या शाश्वत संस्थेने हे काम लावून धरले आणि २०१२ साली त्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. शासनानेही आपल्या योजनांत पडकईला जागा दिली.

मग ३० जुलै २०१४ चा दिवस आला. त्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. नेहमीच्या फेरीला गेलेल्या एस. टी. च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा जगाला कळले. १५१ माणसे गेली. कारण काय, यावर पुष्कळ वाद झाला. अतिवृष्टी आणि तो उभा उतार ही कारणे तर उघडच होती. पण यंत्रे लावून केलेल्या सपाटीकरणाकडेही अनेकांनी बोट दाखवले आणि संबंधित खात्याने ते नाकारले. त्या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. माझा विद्यार्थी एवढेच म्हणाला, "सर, हातानं पडकई करताना कुठला दगड हलवायचा नाही, ते म्हातारा माणूस सांगतो. यंत्राला तासाचं भाडं असतं. त्याला म्हाताऱ्याचं ऐकायला वेळ नसतो."

त्याचे बोलणे ऐकताना मला आत्याचा तो मातीचा खुंट आठवला. एक हेक्टर जमीन तयार झाली, एवढे सरकारी कागदाला पुरते. ती कोणाच्या हातांनी झाली, मजुरी कोणाच्या घरी गेली, मूळची भुई कुठवर होती, हे त्या कागदावर दिसत नाही. रोजगार हमीच्या कायद्यात खर्चातला मोठा वाटा मजुरीचा असावा, हा नियम होता तो उगाच नव्हे. पैसा हातांतून गेला, की तो जरा सावकाश जातो आणि सावकाश जाताना आजूबाजूला पाहतो.

२००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर या कामांवरच्या मजुरीचा पहिल्या शंभर दिवसांचा भार दिल्लीने उचलला. व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा केला; त्यात दिवस १२५ झाले आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला. म्हणजे ज्या ओळीला आम्ही कालबाह्य म्हणत होतो, तिचे काम पुन्हा निघाले आहे. अशा वेळी ती खोडा म्हणणे आणि ती कुठे जाते ते न विचारता सोसणे, हे दोन्ही सारखेच आळशीपणाचे आहे, असे मला वाटू लागले.

एका रात्री मी तो मसुदा पुन्हा बाहेर काढला. सौभाग्यवतींनी विचारले, "अजून तो दोनशे रुपयांचाच कागद?" मी म्हटले, "हो. पण एका शब्दावर अडलो आहे." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मराठीच्या प्राध्यापकांना एका शब्दाला दोन महिने लागतात, हे शासनाला कळवू नका. पगारातून आणखी काही कापतील."

अखेर मी "रद्द करावा" हे शब्द खोडले आणि वाक्य असे केले : सदर करातून आमच्या जिल्ह्यात दरसाल किती रक्कम गोळा होते, त्यातली किती पाण्याच्या व मातीच्या कामांवर, कोणत्या गावी, किती मजुरीच्या रूपाने खर्च होते, याचा हिशेब दरवर्षी आम्हांस द्यावा.

प्राध्यापक-कक्षात तो वाचून दाखवला, तेव्हा एक-दोघांनी मी फितूर झाल्याचा सूर काढला. बावीस जणांपैकी नऊ जणांनी सह्या केल्या. पहिली सही गणिताच्या प्राध्यापकांची. "हिशेब मागायला आपली हरकत नाही," ते म्हणाले, "तो तर आपलाच विषय."

अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. भाऊबीजेला वडिलांच्या वतीने मी आत्याकडे जातो, यंदाही जाईन. ती ओवाळील आणि ताटात काय पडले ते पाहण्याआधी विचारील, "कळलं का रं, कुठं जात्यात?" तिला काय सांगायचे, ते अजून ठरलेले नाही. पण या वेळी "ठाऊक नाही" असे म्हणताना मला थोडी कमी लाज वाटेल. मी निदान विचारले तरी आहे.