पहिला आकडा

शाळकरी विद्यार्थ्यांच्या एका गटापुढे गुणाकार मांडला होता : ८ × ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १. उत्तर पाच सेकंदांत अंदाजाने सांगावयाचे होते. दुसऱ्या गटाला तेच आकडे उलट क्रमाने, १ पासून ८ पर्यंत, दिले होते. पहिल्या गटाच्या अंदाजांचा मध्यक २,२५० आला, दुसऱ्याचा अवघा ५१२. खरे उत्तर ४०,३२० आहे. आमोस ट्वर्स्की व डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा प्रयोग नोंदविला आहे.

वेळ थोडा असला की मेंदू पहिल्या दोन-तीन पायऱ्या करतो आणि उरलेले अंदाजाने भरून काढतो. ही भर बहुधा अपुरी पडते. जो आकडा प्रथम समोर येतो, त्याच्याच भोवती मन घुटमळते.

पेढीवर हाच दोष खरेदीच्या भावाच्या रूपाने येतो. बाजार उतरला तरी व्यापारी म्हणतो, ‘घेतल्या भावाखाली देणार नाही.’ बाजाराला त्या भावाचे सोयरसुतक नसते. माल वखारीत पडून राहतो, भांडवल अडकते, व्याज मात्र चढत जाते.

म्हणून समोरच्याने भाव सांगण्यापूर्वी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवावा. पडून राहिलेल्या मालाविषयी एकच प्रश्न विचारावा : आज हाती माल नसून रोकड असती, तर हाच माल आजच्या भावाने घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो वेळीच विकणे शहाणपणाचे.