स्पर्शाची भाषा घराने शिकावी

कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत दिसेल असे हे चित्र. ऐंशी ओलांडलेले आबा दिवसभर खुर्चीत बसून असतात. आधी ऐकू येणे कमी झाले, मग काचबिंदूने नजर नेली. सून चहाचा कप हातात देते, चटका बसतो आणि आबा ओरडतात. नातू खांद्यावर हात ठेवतो, ते दचकतात. ‘आबांना आता काही कळत नाही,’ असे घरात ठरते. जेवण, औषध, अंघोळ सारे वेळच्या वेळी होते; बोलणे मात्र थांबते.

अशा अनेक वृद्धांची बुद्धी शाबूत असते, तिच्यापर्यंत जाणाऱ्या दोन वाटा तेवढ्या बंद झालेल्या असतात. त्या खरोखरच बंद आहेत का, हे आधी तपासून घ्यावे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. कानातला साठलेला मळ काढला की कित्येकांना पुन्हा ऐकू येते. कधी श्रवणयंत्राची बॅटरीच संपलेली असते. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ मध्ये सांगितलेल्या १४ जोखीम घटकांत ऐकू न येणे आणि उपचारांविना राहिलेला दृष्टिदोष, दोन्ही आहेत. नजर गेलेल्या काहींना माणसे, मुले, जनावरे दिसल्याचे भास होतात. त्याला ‘शार्ल बोने सिंड्रोम’ म्हणतात. ते वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. तरीही असे भास होत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. अशा वेळी उरतो तो स्पर्श. एकोणिसाव्या शतकात हिअरोनिमस लॉर्म या लेखकाला आधी बहिरेपण आणि पुढे अंधत्व आले. त्याने तळहातावर आणि बोटांवर ठरावीक जागी स्पर्श करून अक्षरे सांगण्याची लिपी तयार केली. युरोपात ती आजही वापरली जाते.

आपल्या घरी एवढी लिपी शिकण्याचीही गरज नाही. वाचता-लिहिता येणाऱ्या वृद्धांच्या तळहातावर बोटाने मोठे अक्षर काढावे. शिरोरेषा नको, एका वेळी एकच अक्षर आणि शब्द संपला की थोडे थांबावे. शाळेत न गेलेल्या आजीसाठी खुणा ठरवाव्यात. एक थाप म्हणजे ‘हो’, दोन म्हणजे ‘नाही’. घरातल्या प्रत्येकाची ओळखही ठरलेली असावी: लेकीने हातातल्या बांगड्या चाचपू द्याव्यात, नातवाने अंगठा धरावा. एकदम अंगाला हात लावू नये. आधी हाताच्या पाठीवर हलका स्पर्श करावा, मग आपला हात त्यांच्या हाताखाली सरकवावा. त्यामुळे धरायचे की सोडायचे हे त्यांच्या हाती राहते. अंघोळीआधी टॉवेल हातात द्यावा. ताटात चटणी-लोणचे डावीकडे, भाजी उजवीकडे ही जुनी मांडणी मोडू नये. ती त्यांच्या बोटांना पाठ असते. आणि उठून जाताना ‘जातो’ ही खूण करावीच. नाहीतर समोरचा निघून गेला तरी ते तसेच हात पुढे करून बसतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बहुविकलांगतेत अंध-बधिरत्वाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. मुंबईत अंध-बधिर मुलांना शिकवणारी हेलन केलर संस्था १९७७ पासून काम करते. उतारवयात दोन्ही गमावणाऱ्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. डोळ्यांचा विभाग वेगळा, कानाचा वेगळा. दोन्ही केसपेपर एकत्र ठेवून कोणी पाहत नाही. जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांची ही दोन्ही तपासणी एकाच दिवशी व्हावी, दिव्यांग प्रमाणपत्रावर दोन्हींची नोंद व्हावी आणि घरच्यांना स्पर्शखुणा शिकवण्यासाठी अर्धा तास दिला जावा. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही.

घरच्यांना तर त्याचीही वाट पाहायला नको. आज संध्याकाळी आबांचा तळहात उघडून त्यावर आपल्या नावाचे पहिले अक्षर काढता येईल.